बिल फिटलं, शिक्का राहिला!

बेंगळुरूचं चामराजपेट. १८९२ साली म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडेयर यांच्या नावानं वसलेली ही पेठ. जवळच मिंटो नेत्ररुग्णालय, पलीकडे व्हिक्टोरिया हॉस्पिटल. पंपा महाकवी रोडवर कन्नड साहित्य परिषद आणि राज्याची सहकारी अपेक्स बँक. रामनवमीच्या दिवसांत फोर्ट हायस्कूलच्या आवारात संगीताचा उत्सव रंगतो. चिकपेट, अॅव्हेन्यू रोडच्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या धंदा करणारी मराठी घरं या भागात आहेत. घरात मराठी, दारात कन्नड आणि दुकानात गिऱ्हाईक बोलेल ती भाषा.

समजा, अशाच एका घरात हे घडलं. वडील बहात्तर वर्षांचे. शिलाईचं दुकान मुलाच्या हाती सोपवून निवांत झालेले. एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. मुलानं रिक्षात घालून जवळचं खासगी हॉस्पिटल गाठलं. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. चौथ्या दिवशी बिल हातात पडलं, तीन लाख चाळीस हजारांचं! विम्याचे दीड लाख मंजूर झाले. राहिले एक लाख नव्वद हजार. मुलगा काउंटरसमोर डोकं धरून उभा राहिला, तेव्हा आतल्या तरुणानं हसून सांगितलं, "काळजी कशाला करता सर? बिनव्याजी बारा हप्ते करून देतो. आधार, पॅन आणि मोबाइलवर येणारा ओटीपी, एवढंच द्या."

पाच मिनिटांत सगळं झालं. वडील घरी आले. रात्री बायकोनं विचारलं, "अहो, हॉस्पिटलनं उधारी दिली का?"

"हो. हप्त्यानं द्यायचेत."

इथंच चूक झाली. हॉस्पिटलनं उधारी दिलीच नव्हती! हॉस्पिटलचा हिशेब त्याच दिवशी मिटला होता. पैसे भरले होते एका फायनान्स कंपनीनं, मुलाच्या नावावर कर्ज लिहून. काउंटर हॉस्पिटलचा, कागदावरचा शिक्काही हॉस्पिटलचा, पण ओटीपी ज्यावर दिला तो करार कर्जाचा होता.

पुढची गोष्ट सांगायला नको, इतकी ती ओळखीची आहे. महिना पंधरा हजार आठशेचे पाच हप्ते वेळेवर गेले. मग धंदा बसला. वडिलांच्या औषधांचा खर्च होताच. एक हप्ता चुकला, दुसरा चुकला, तिसऱ्यानंतर फोन सुरू झाले. सकाळी, दुपारी, दुकानात गिऱ्हाईक समोर असताना. शेवटी वसुलीवाल्यानं समजुतीचा सूर लावला. एक लाख दहा हजार बाकी आहेत, एकरकमी साठ हजार भरा, विषय संपवून टाकतो. बायकोच्या पाटल्या मोडल्या. साठ हजार भरले. कंपनीचं पत्र आलं. त्यावर ‘सेटलमेंट’ हा शब्द होता. घरानं सुटकेचा श्वास टाकला.

चार वर्षांनी मुलीला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी बाप सहकर्जदार म्हणून बँकेत गेला. अधिकाऱ्यानं कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. त्या जुन्या कर्जापुढे लिहिलं होतं, ‘सेटल्ड’. शेजारच्या रकान्यात सोडून दिलेली रक्कम, पन्नास हजार.

"पण साहेब, मी तर पैसे भरून टाकले होते!"

"सगळे नाही भरलेत," अधिकारी म्हणाले.

कुटुंब कल्पनेतलं आहे, पण त्यातला प्रत्येक टप्पा नियमाप्रमाणेच घडतो. आपल्याकडे आजारपणाचा निम्मा घोर औषधांचा आणि निम्मा पैशांचा असतो. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के पैसा लोकांच्या खिशातून थेट जात होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं. घट मोठी आहे. तरीही शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून घरातूनच जातात, आणि ऑपरेशनच्या रात्री ते घरात नसतात.

मग ही पतनोंद कुठून येते? भारतात कर्जदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यातली सिबिल सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली. म्हणून चारही कंपन्यांचा अहवाल लोकांच्या तोंडी ‘सिबिल’च! या कंपन्यांचा कारभार २००५ च्या पतमाहिती कंपन्या कायद्यानुसार चालतो. बँका, सहकारी बँका, गृहकर्ज कंपन्या, फायनान्स कंपन्या, क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था त्यांना ग्राहकांची माहिती पुरवतात. २०२५ च्या जानेवारीपासून ही माहिती दर पंधरवड्याला जाऊ लागली.

कर्ज देणाऱ्यांच्या या यादीत हॉस्पिटल नाही. म्हणजे हॉस्पिटलचं बिल थकलं म्हणून तेवढ्यावरून सिबिल बिघडत नाही. बिघडतं ते बिल भरण्यासाठी घेतलेलं कर्ज थकल्यामुळे. मग ते पर्सनल लोन असो, क्रेडिट कार्ड असो की काउंटरवरचे ‘बिनव्याजी’ हप्ते असोत. ओळखीच्या सोनाराकडे ठेवलेला दागिना, भिशी, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने यांतलं काहीच तिथं उमटत नाही. पण बँकेतलं सोनेतारण मात्र उमटतं. आणि शेजाऱ्याच्या आईच्या ऑपरेशनसाठी बँकेच्या कागदावर जामीन राहिलात, तर त्यानं थकवलेलं कर्ज तुमच्याही अहवालात दिसू शकतं. माणुसकी म्हणून सही जरूर करावी, पण ती कशावर करतो आहोत हे वाचून!

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांचा अनुभव नेमका उलटा. तिथं हॉस्पिटलचं थकलेलं बिलच वसुली कंपनीकडे जातं आणि तिथून थेट पतअहवालात उतरतं. कर्ज काढलेलं नसलं तरी! यावर इतका गदारोळ झाला, की तिथल्या तीन मोठ्या पतनोंद कंपन्यांनी जुलै २०२२ पासून फेडलेली वैद्यकीय थकबाकी अहवालातून काढून टाकली. वर्षाच्या आतली थकबाकी दाखवणंही थांबवलं. एप्रिल २०२३ मध्ये पाचशे डॉलरच्या खालच्या रकमाही वगळल्या. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागानं वैद्यकीय कर्ज अहवालातून पुरतं हद्दपार करणारा नियम केला, पण जुलै २०२५ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयानं तो रद्दबातल ठरवला. न्यू जर्सीतल्या मुलाकडे गेलेल्या आईवडिलांनी तिथं दवाखान्याची पायरी चढण्याआधी प्रवासी विम्याचे कागद नीट पाहिलेले बरे. आपल्याकडे आजारपणाच्या कर्जाला अशी वेगळी सवलत नाही. मोटारसायकलचं कर्ज आणि बायपासचं कर्ज अहवालात एकाच मापानं मोजलं जातं. हे अन्यायाचं वाटतं, आणि आहेही. पण नियम आज तसाच आहे.

पुन्हा चामराजपेटच्या त्या घराकडे येऊ. ‘सेटल्ड’चा अर्थ काय? बँकेच्या भाषेत एवढाच, की कर्जदारानं पूर्ण पैसे दिले नाहीत, आम्ही मिळाले तेवढे घेतले आणि बाकीच्यांवर पाणी सोडलं. पूर्ण फेडलेल्या कर्जापुढे ‘क्लोज्ड’ लिहिलेलं असतं. या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिसरा शब्द ‘रिटन ऑफ’, म्हणजे कंपनीनं वसुलीची आशा सोडून हिशेबातून काढलेलं कर्ज. हा सगळ्यांत वाईट. आणि तो शब्द आला म्हणजे कर्ज माफ झालं असं नव्हे! वसुली चालूच राहते. कधी ते कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं जातं आणि अहवालात भलतंच नाव दिसू लागतं.

अहवालात आणखी एक कोष्टक असतं. महिन्यांचे चौकोन आणि प्रत्येकात एक आकडा. शून्य असेल तर हप्ता वेळेवर. ३०, ६०, ९० असेल तर तितके दिवस उशीर. गेल्या छत्तीस महिन्यांची ही कुंडली असते म्हणा ना! या सगळ्यावरून तीनशे ते नऊशेच्या दरम्यानचा गुण ठरतो. मात्र बँकेचा माणूस नुसता गुण बघत नाही, तो शब्दही वाचतो. पतनोंद कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायची असते. चार वर्षांपूर्वीचा ‘सेटल्ड’ म्हणूनच मुलीच्या प्रवेशाच्या आड आला.

यातून वाट आहे का? आहे, पण जादूची नाही. पहिलं काम अहवाल मागवण्याचं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून चारही कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल गुणासह फुकट द्यायचा आहे. तो कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून मागवावा. चारही ठिकाणचे मागवावेत, कारण एकीकडे दुरुस्त झालेली चूक दुसरीकडे तशीच असू शकते. अहवाल हातात आला, की एकच प्रश्न विचारायचा, नोंद चुकीची आहे की खरी? दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत, आणि लोक नेमकी इथंच गल्लत करतात.

आधी चुकीच्या नोंदीचं बघू. कर्ज पूर्ण फेडलंय तरी बाकी दिसतेय, सारख्या नावाच्या माणसाचं कर्ज आपल्या माथी आलंय, हॉस्पिटलनं उपचार रद्द केले तरी हप्ता चालू आहे, विम्याचे पैसे कंपनीकडे उशिरा पोचले आणि तेवढे महिने थकबाकी लागली. या शेवटच्या दोन प्रकारांत हॉस्पिटलचं लेखी पत्र आणि विमा कंपनीनं पैसे दिल्याच्या तारखेचा कागद मिळवायलाच हवा. पुराव्यासकट पतनोंद कंपनीकडे ‘डिस्प्यूट’ दाखल करायचा आणि त्याची प्रत कर्ज देणाऱ्या कंपनीलाही पाठवायची. तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यातले एकवीस दिवस कर्ज देणाऱ्या कंपनीला दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेला आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेला नियम असा, की तीस दिवस उलटले तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची. उशीर ज्याचा, भरपाई त्याची. तक्रार मिटल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत ती खात्यात जमा व्हायला हवी. रक्कम छोटी आहे, पण अर्जात या नियमाचा उल्लेख केला, की उत्तर लवकर येतं!

नोंद खरी असेल, तर डिस्प्यूटचा उपयोग नाही. आपल्या कथेतल्या बापानं साठ हजार भरले, पन्नास हजार राहिले, ही नोंद खरीच आहे. त्याला कर्ज देणाऱ्या कंपनीकडेच परत जावं लागेल. सोडून दिलेली रक्कम आता भरतो, खातं ‘क्लोज्ड’ करून द्या, असा लेखी अर्ज करायचा. पुष्कळ कंपन्या हे मान्य करतात. चालून आलेले पैसे कोण सोडेल? पण एक पैसाही देण्याआधी, पैसे मिळाल्यावर नोंद बदलू असं कंपनीच्या अधिकृत ई-मेलवरून लिहून घ्यावं. वसुलीवाल्याच्या तोंडी शब्दावर नाही आणि त्याच्या खासगी फोनच्या खात्यात तर मुळीच नाही. पैसे कंपनीच्या खात्यात, पावती कंपनीची, आणि मग ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र. यानंतर शब्द बदलतो. जुन्या उशिराचे आकडे मात्र मागे राहतात. ते काळानंच मागे पडत जातात.

हे आकडे पुसून देतो म्हणून पंधरा-वीस हजार मागणारे एजंट शहरोशहरी निघाले आहेत. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही. आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा हक्क तुम्हाला फुकट आहे! त्यांना द्यायचे ते वीस हजार कर्जात भरलेले काय वाईट?

वसुलीच्या फोनांबद्दलही दोन शब्द. कर्ज थकणं हा गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी-शिवीगाळ करायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना छळायचं नाही. फोन आला तर तारीख, वेळ, नंबर वहीत लिहावा. घरातल्या बाईनं फोन उचलला आणि ती घाबरली, की समोरच्याचं निम्मं काम होतं. तिनं शांतपणे एवढंच विचारावं, "आपलं नाव काय, कंपनीचं अधिकारपत्र आहे का?" पुष्कळदा आवाज लगेच खाली येतो.

आता मूळ प्रसंगाकडे, त्या काउंटरपाशी. पैसे नसताना माणूस काय करणार? सही करायलाच लागते, हे खरं. पण दहा मिनिटं थांबायला काय हरकत आहे? २०२४ च्या ऑक्टोबरपासून अशा प्रत्येक कर्जासोबत मुख्य अटींचा सोपा तक्ता देणं बंधनकारक आहे. त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो. तो मागावा. ‘बिनव्याजी’ हप्त्यातही प्रोसेसिंग फी असते, हप्ता चुकला की दंड असतो. मोबाइलवरून घेतलेल्या कर्जात फेरविचारासाठी किमान एक दिवसाची मुदत मिळते. तेवढ्यात भावानं पैसे दिले, तर मुद्दल आणि त्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्ज परत करता येतं. क्रेडिट कार्डावर मोठं बिल टाकणं सोपं, पण थकलं की व्याज वर्षाला छत्तीस ते बेचाळीस टक्क्यांपर्यंत जातं. त्यापेक्षा घरातलं सोनं बँकेत तारण ठेवणं परवडतं. पाटल्या शेवटी मोडाव्या लागण्यापेक्षा सुरुवातीला गहाण पडलेल्या बऱ्या!

त्याहून आधी, कर्ज टाळता येतं का हे बघायला हवं. कर्नाटकात ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ योजना २०१८ पासून आहे. तातडीचा प्रसंग नसेल, तर सरकारी रुग्णालयाचा रस्ता धरता येतो. बेंगळुरूत हृदयासाठी जयदेव, कर्करोगासाठी किदवई या सरकारी संस्था आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकांनी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेबरोबरच आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. हॉस्पिटलच्या दारावर ‘ट्रस्ट’ हा शब्द दिसला, की समाजसेवा विभागाचं टेबल शोधायचं. तिथं विचारायला लाजणारी मध्यमवर्गीय माणसं कर्जाच्या काउंटरवर मात्र बिनदिक्कत सही करतात.

हॉस्पिटलनं खरोखरच स्वतः मुदत दिली, तर ती सर्वांत बरी. तिचा सिबिलशी संबंध नाही. हॉस्पिटल फार तर दिवाणी दावा लावू शकतं, तोही सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत. पण तिथं पुढच्या तारखेचा चेक लिहून देताना हात आखडावा. तो वटला नाही, तर प्रकरण फौजदारी होतं. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही! आणि एक गोष्ट दुःखाच्या घरात कुणाला आठवत नाही म्हणून सांगायची. रुग्ण दगावला, तर बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीनं तशी तरतूद केली आहे. बाकी नंतर वसूल करता येते. त्या क्षणी मृतदेहासाठी म्हणून कुठल्याही कर्जाच्या कागदावर सही करू नये.

राहता राहिला मुलीचा प्रवेश. पन्नास हजार भरून नोंद बदलायला महिना-दीड महिना जाणार, आणि कॉलेजची फी थांबत नाही. अशा वेळी बापाऐवजी स्वच्छ नोंद असलेला दुसरा सहकर्जदार, आई किंवा काका, चालेल का, हे बँकेला विचारावं. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात म्हटलं होतं, की केवळ सिबिल गुण कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये. इतर राज्यांतल्या बँका हा निकाल मानतीलच असं नाही. तरी नकार मिळाला, तर तो कारणांसह लेखी मागावा. तोंडी नकाराविरुद्ध तक्रार करायला हातात काही राहत नाही.

कर्ज देणाऱ्या कंपनीकडे किंवा पतनोंद कंपनीकडे तक्रार करूनही तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पतनोंद कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आल्या आहेत. तक्रार इंटरनेटवरून किंवा साध्या पोस्टानं करता येते, वकील लागत नाही, फी नाही. मात्र आधी कंपनीकडे तक्रार केल्याचा पुरावा लागतो. म्हणून पहिल्या दिवशी मिळालेला तक्रारीचा नंबर आणि तारीख हॉस्पिटलच्या फाइलीतच लिहून ठेवावी. लोकपालाकडचा अर्ज भरताना सगळ्यात आधी तीच लागते.